पेंच सैल कां होतो?

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



तीन वर्षांपूर्वीं पौषांतल्या एका रात्रीं आमच्या कडेगांवच्या मळ्यांतील विहिरीवरची मोटार जळाली. उसाला पाणी चाललें होतें. त्या आठवड्यांत शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती, आणि वीज आली कीं मोटार आपोआप चालू करणारा स्विच स्टार्टरला बसविलेला असल्यामुळें मळ्यांत कोणी नव्हतें. पहाटे जाऊन पाहतों तों पाटांत पाणी नाहीं, मोटार निपचित, आणि खोपींत जळक्या व्हार्निशाचा वास कोंदलेला. मोटार जळणें ही आमच्याकडे मोठीशी बातमी नव्हे. ती काढावी, गाडींत घालावी, वाइंडिंग करणाऱ्याच्या दारांत नेऊन टाकावी, आणि तो सांगेल त्या दिवसापर्यंत वाळत्या उसाकडे पाहत बसावें, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. दोष कोणाचा तेंहि आधींच ठरलेलें असतें. लाइटीनें घात केला, असें म्हणावयाचें आणि मोकळें व्हावयाचें.

मीहि तसेंच म्हणालों. परंतु वायरमननें स्टार्टरचें झांकण उघडलें आणि मला जवळ बोलावून एक स्क्रू दाखविला. तीन फेजांपैकीं मधल्या फेजाची तार ज्या पितळी स्क्रूखालीं धरलेली असते, तो हा स्क्रू. भोंवतालचें काळें बॅकेलाइट भाजून पांढुरकें पडलें होतें, आणि तारेचें टोंक कोळशासारखें झालें होतें. त्यानें स्क्रूड्रायव्हर हातांत घेतलाच नाहीं. आंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटींत धरून त्यानें तो स्क्रू फिरविला, आणि तो फिरला.

"गुरुजी, हा आवळला होता कोणीं?" त्यानें विचारलें.

आवळला होता मीं. खंडेनवमीला अवजारांची पूजा करावयाची म्हणून आदल्या दिवशीं मीं मेन स्विच पाडून स्टार्टर उघडला होता, धूळ झाडली होती, आणि एकेक स्क्रू मनगटांतील सगळा जोर लावून घट्ट केला होता. नवमीला त्यावर हळदकुंकू वाहिलें, झांकण लावलें, खोपीला कुलूप घातलें. त्या दिवसापासून पौषापर्यंत त्या स्क्रूला माणसाचा हात लागलेला नव्हता. मग तो उलटा फिरविला कोणीं?

ह्या प्रश्नानें मला मोटारीच्या खर्चापेक्षांहि अधिक छळलें. कारण मी शाळेंत तीस वर्षें 'साधीं यंत्रें' हा पाठ शिकवीत आलों होतों. तरफ, कप्पी, उतरण, पाचर आणि मळसूत्र. मळसूत्र म्हणजे दांड्याभोंवतीं गुंडाळलेली उतरण, हें वाक्य मीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणतीच नाहीं. उतरणीवर ठेवलेली वस्तु खालीं येऊं पाहते, हेंहि त्याच पाठांत शिकवीत असें. हीं दोन वाक्यें शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याची बुद्धि मात्र मला मोटार जळेपर्यंत झाली नाहीं.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं हा प्रश्न माझ्या एकट्याच्या मळ्याचा नाहीं. कडेगांव हा पावसाच्या छायेंतला मुलूख. ताकारी आणि टेंभू या दोन उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी पंपांच्या बळावर चढवून इकडे आणलें, विहिरींना पाझर टिकूं लागला, आणि जेथें ज्वारी-बाजरीवर समाधान मानावें लागे तेथें ऊस उभा राहिला. पंपाची विद्या तर आमच्या उशालाच आहे. औंधच्या पंतप्रतिनिधींनीं दिलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. ती शेजारच्या पलूस तालुक्यांतच. अशा या मुलखांत आज बांधाबांधावर मोटार आहे, आणि प्रत्येक मोटारीच्या अंगावर, स्टार्टरमध्यें, मेन स्विचमध्यें मिळून दोनतीन डझन स्क्रू सहज भरतात. त्यांतला एक सैल झाला तरी पुरे.

आतां कंप येतो कोठून, तें पाहूं. आमची मोटार मिनिटाला सुमारें २,८८० फेरे घेणारी. म्हणजे सेकंदाला अठ्ठेचाळीस. पंपाचा पंखा कितीहि निगुतीनें तोलला तरी कांहीं अंशीं वजन एका अंगाला राहतेंच, आणि प्रत्येक फेऱ्याला तेवढा हिसका बसतो. हें समजण्यासारखें आहे. परंतु माझा सैल झालेला स्क्रू मोटारीवर नव्हता. तो भिंतीवरच्या स्टार्टरमध्यें होता, आणि स्टार्टर जागचा हलत नाहीं. तरी त्याच्या पेटीला कान लावा. आंत भुंगा कोंडल्यासारखें गुणगुणणें ऐकूं येईल. आंतल्या विद्युत्‌चुंबकाला जी वीज मिळते ती सेकंदाला पन्नास आवर्तनें घेते, आणि प्रत्येक आवर्तनांत चुंबकाची ओढ दोनदां वाढते व दोनदां उतरते. म्हणून सेकंदाला शंभर वेळां तो आपल्या पट्टीला ओढतो आणि किंचित् सैल सोडतो. आठ तासांच्या एका पाळींत हे धक्के किती होतात याचा हिशेब वर्गांतला चुणचुणीत मुलगा तोंडीं करील: अठ्ठावीस लक्ष ऐंशी हजार. खंडेनवमीपासून पौषापर्यंत किती झाले तें मीं मोजलें नाहीं.

पण धक्का बसला म्हणून स्क्रू फिरावा कां? आणि फिरला तर आवळण्याच्या दिशेनें कां फिरूं नये? याचें उत्तर मला शेवटीं पाटीवर मिळालें. पाटी म्हणजे शब्दशः दगडी पाटी. आपणहि घरीं करून पाहा. पाटी थोडी तिरकी धरा आणि तिच्यावर रुपया ठेवा. उतार बेताचा असेल तर रुपया जागचा हलणार नाहीं. घर्षण त्याला धरून ठेवतें. आतां पाटीच्या बाजूच्या कडेवर बोटाच्या पेरानें टिचक्या मारीत जा. टिचकी आडवी आहे. ती रुपयाला खालीं ढकलीत नाहीं. तरीहि रुपया प्रत्येक टिचकीसरशी केंसभर खालीं येईल, आणि एकदांहि वर चढणार नाहीं. घर्षणाची शक्ति एकच असते. ती आडव्या घसरण्याला विरोध करण्यांत खर्ची पडली कीं उताराच्या दिशेनें वस्तूला अडविणारें कोणी उरत नाहीं. जनावराचा दाव्याचा खुंटा जमिनींतून उपटतांना शेतकरी हेंच करतो. तो सरळ वर ओढीत नाहीं. आधीं डावीउजवीकडे हलवितो, मग खुंटा सुखानें वर येतो.

स्क्रूच्या आट्यांतहि असाच उतार आहे. चार मिलिमीटर जाडीच्या साध्या स्क्रूचा एक आटा एका फेऱ्यांत पाऊण मिलिमीटरहून थोडें कमीच चढतो. त्या चढणीचा कोन साडेतीन अंशांच्या आसपास येतो. धातूवर धातु घसरूं लागावयास याच्या दुपटीहून अधिक उतार लागतो. म्हणून शांत जागीं आवळलेला स्क्रू वर्षानुवर्षें तसाच राहतो, आणि आपला समज होतो कीं आट्यांनीं त्याला धरलें आहे. धरणारें घर्षण असतें. आडव्या कंपानें जोडाच्या दोन बाजू एकमेकींवर घसरूं लागल्या, कीं घर्षण त्या कामीं गुंतून पडतें आणि स्क्रू आपल्या उतारावरून त्या रुपयाप्रमाणें खालीं येतो. खालीं येणें म्हणजेच सैल होणें. गेरहार्ड युंकर नांवाच्या जर्मन एंजिनिअरनें १९६९ सालीं हें प्रयोगानें सिद्ध केलें. बोल्टाच्या लांबीच्या दिशेनें बसणारे धक्के त्या मानानें कमी घातक. आडवे धक्केच त्याला उलटा फिरवितात.

यांतून निघणारी गोष्ट अशी कीं घर्षण टिकवावयाचें तर जोड घसरूं देतां कामा नये; आणि जोड घसरूं नये म्हणून स्क्रूमध्यें ताण पाहिजे. आमच्या कडेगांवचे मोहरमचे उंच ताबूत ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना बांबूची बांधणी म्हणजे काय हें सांगावयास नको. दोरीचे वेढे कितीहि घातले तरी ती ताणून घेतली नसेल तर पहिल्याच झोक्याला बांबू हलतो. स्क्रूचें तसेंच आहे. तो आवळतांना आपण त्याला केंसाच्या अंशानें कां होईना लांबवीत असतों, आणि त्या लांबण्याच्या हट्टानें तो दोन वस्तूंना एकमेकींवर दाबून धरतो. गंमत अशी कीं आवळण्याच्या श्रमापैकीं दहांतले सुमारें नऊ भाग घर्षणांतच जातात. ताण निर्माण करण्याच्या कामीं जेमतेम एक भाग येतो. म्हणून "मीं सगळा जोर लावला होता" या माझ्या विधानाला फारसा अर्थ नव्हता. जोर माझ्या मनगटाला जाणवला. तारेपर्यंत त्यांतला किती पोहोंचला तें मला ठाऊक नव्हतें.

शिवाय तारेचा स्वभावहि पाहिला पाहिजे. लोखंडावर लोखंड आवळणें वेगळें आणि मऊ धातूवर आवळणें वेगळें. तांब्याची अनेक पदरांची तार स्क्रूखालीं दाबली कीं आज ती घट्ट वाटते. परंतु तिचे पदर दोनचार दिवस एकमेकांत सरकत, बसत राहतात आणि स्क्रूचा ताण उतरतो. अॅल्युमिनियमची गोष्ट याहून वाईट. तें तांब्याहून मऊ, सततच्या दाबाखालीं मेणासारखें हळूहळू पसरणारें, आणि उष्णतेनें लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगणारें. मोटार चालू असतां तें फुगतें व स्क्रूखालीं चेंगरतें. मोटार बंद झाल्यावर आकसतें, पण चेंगरलेलें परत भरून येत नाहीं. रोज एकदां तापणें आणि एकदां निवणें, एवढ्यानेंच त्याचा ताण जातो. खांबावरून खोपीपर्यंत येणारी आमची तार अॅल्युमिनियमचीच होती. तारेचें टोंक नीट दिसावें म्हणून त्याला कथलाचा डाक देऊन मग स्क्रूखालीं घालण्याची एक पद्धति कांहीं कारागिरांत आहे. दिसावयास ती सुबक खरी, परंतु डाक तर अॅल्युमिनियमहूनहि मऊ. ताणाच्या दृष्टीनें याहून वाईट युक्ति मला माहीत नाहीं.

सैल स्क्रूनें मोटार जळावी कां, याचाहि हिशेब शाळकरीच आहे. आमची मोटार साडेसात अश्वशक्तीची. तिच्या प्रत्येक तारेंतून अकरा-एक अँपिअर वीज वाहते. चांगल्या जोडाचा अवरोध इतका थोडा कीं तो नाहींच म्हटलें तरी चालेल. सैल झाल्यावर तोच समजा दशांश दोन ओहम झाला. अकराचा वर्ग एकशेंएकवीस, त्याला दशांश दोननें गुणा. चोवीस वॅट होतात. डाक देण्याची लहान इस्त्री पंचवीस वॅटची असते. म्हणजे हरभऱ्याएवढ्या जागेंत रात्रभर तापलेली इस्त्री ठेवल्यासारखें झालें. त्या उष्णतेनें तांब्यावर गंज चढतो, गंजानें अवरोध वाढतो, अवरोधानें उष्णता वाढते. आणि शेवटीं ती तार स्क्रूखालीं असूनहि नसल्यासारखी होते. तीन फेजांवर चालणारी मोटार मग दोन तारांवर घुमत राहते, आणि तेंच काम ओढण्यासाठीं त्या दोन तारांतून सुमारें पावणेदोनपट वीज खेंचते. लाइटीनें घात केला नव्हता. एक फेज गेला होता हें खरें, पण तो माझ्याच खोपींत, माझ्याच स्क्रूखालीं गेला होता.

येथें जाणता श्रोता विचारील कीं अशा वेळीं मोटार बंद पाडण्यासाठीं स्टार्टरमध्यें ओव्हरलोड रिले असतो, त्याचें काय झालें? त्याची कबुली देतों. उन्हाळ्यांत तो वारंवार पडे, म्हणून त्याचा कांटा मींच शेवटच्या आंकड्यावर नेऊन ठेवला होता. पहारेकऱ्याला अफू घालून निजविल्यावर चोरीबद्दल गाऱ्हाणें करण्यांत अर्थ नाहीं.

असो. आतां उपायांकडे वळूं. सर्वांना ठाऊक असलेला उपाय म्हणजे स्प्रिंगचा वायसर, तो चिरलेला, जरा पिळलेला. मोठ्या पोलादी बोल्टाखालीं त्याचा फारसा उपयोग होत नाहीं; बोल्ट आवळला कीं तो चपटा होऊन साध्या वायसरसारखा वागतो, आणि आडव्या कंपापुढें तग धरीत नाहीं. परंतु विजेच्या लहान जोडांत त्याला अगदींच टाकाऊ म्हणूं नये. तार बसून ताण उतरूं लागला तर तेवढी भर तो कांहीं अंशीं काढतो. त्यापेक्षां बशीसारखा खोलगट पोलादी वायसर अधिक चांगला, कारण त्याचा रेटा मोठा असतो. दोन नट एकावर एक घालण्याची जुनी रीत उत्तम आहे, मात्र आमच्याकडे ती बहुधा उलटी केली जाते. जाड नट आधीं आणि पातळ नट वर, असें दिसावयास बरें दिसतें. पाहिजे तें याच्या विरुद्ध. पातळ नट खालीं, जाड नट वर. वरचा जाड नट आवळला कीं खरा भार तो घेतो, आणि खालचा पातळ नट आट्यांच्या दुसऱ्या अंगाला दाबून अडसर होतो. हें मला कळलें तेव्हां मीं घरांतले तसले सगळे नट काढून पुन्हां बसविले, आणि घरच्या मंडळींना माझी काळजी वाटूं लागली.

आट्यांत घालण्याचा एक चिकट पदार्थहि बाजारांत मिळतो. अमेरिकेंत हार्टफर्ड येथील ट्रिनिटी कॉलेजांतले प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनीं १९५३ सालीं तो तयार केला. त्याचा गुण मोठा विलक्षण आहे: हवेंत तो पातळ राहतो, आणि आट्यांच्या फटींत शिरून हवा तुटली कीं तेथें धातूच्या सान्निध्यांत कठीण होतो. मोटारीच्या पायाच्या बोल्टांना तो फार उपयोगी. विजेच्या जोडांत मात्र जपून. तार आणि धातु जेथें एकमेकांना टेकतात तेथें तो शिरला तर विजेची वाटच अडवील, आणि कांहीं जातींच्या प्लॅस्टिकला तो तडेहि पाडतो. आपल्यापैकीं कोणीं जुन्या रेडिओच्या पाठीचा पुठ्ठा काढून पाहिला असेल तर आंतल्या स्क्रूंच्या डोक्यावर लाल लाखेचे ठिपके दिसले असतील. तेंहि याच जातीचें काम. ठिपका स्क्रूला थोडा धरतो, आणि फिरला तर तडकून चुगली करतो.

परंतु मला विचाराल तर हे सगळे उपाय दुय्यम आहेत. मुख्य उपाय दोन. पहिला असा कीं तारेचे पदर उघडे स्क्रूखालीं घालूंच नयेत. योग्य मापाचा लग, किंवा बारीक तार असेल तर धातूची नळी, टोंकावर घालून ती दाबण्याच्या खास पकडीनें चेपून बसवावी, आणि स्क्रूखालीं ती द्यावी. साधी पक्कड किंवा हातोडी त्या कामाला चालत नाहीं. दुसरा असा कीं कंप स्क्रूपर्यंत पोहोंचूंच देऊं नये. मोटारीकडून येणारी केबल पेटीच्या तोंडाशीं पट्टीनें घट्ट धरावी आणि आंत तारेला थोडा सैल वांक ठेवावा. केबल थरथरली तरी ती थरथर पट्टीशीं थांबते. आमच्या स्टार्टरला ती पट्टी मुळांतच नव्हती. खालच्या भोंकांतून केबल लोंबत होती, आणि तिचें सगळें वजन नि थरथर तीन स्क्रूंवर आली होती. ती बसविण्याचें काम कोणाचें होतें याचा वाद घालण्यांत आतां हंशील नाहीं.

आणि एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट: नवा जोड केल्यावर आठदहा दिवसांनीं, मेन स्विच पाडून व टेस्टरनें खात्री करून, तो पुन्हां एकदां योग्य तेवढाच आवळावा. योग्य तेवढाच म्हणतों, कारण पितळी स्क्रू सुखासुखीं तुटतो. चांगले कारखाने कोणता स्क्रू किती पिळानें आवळावा याचा आंकडा छापून देतात, आणि तेवढाच पीळ देणारे स्क्रूड्रायव्हरहि मिळतात.

घरांत राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, मळ्यांतल्या मोटारीशीं आम्हांला काय करावयाचें? आपल्या डोक्यावरच्या दिव्याकडे पाहा. आपल्याकडे दिव्याच्या टोपणाला दोन पिना असतात. दिवा दाबून थोडा फिरविला कीं तो अडकतो, आणि होल्डरमधील स्प्रिंगा त्याला सतत खालीं रेटीत राहतात. अमेरिकेंत एडिसनच्या वेळेपासून आट्यांचा दिवा रूढ झाला. स्थिर छताला दोन्ही सारखेच. परंतु जेथें हादरे आहेत तेथें, म्हणजे मोटारगाड्यांच्या जुन्या धाटणीच्या दिव्यांत, पिनांचीच पद्धत पसंत करण्यांत आली, कारण आट्यांचा दिवा हादऱ्यांनीं हळूहळू उकलत जातो.

स्क्रू नको, स्प्रिंग पाहिजे, असें यावरून कोणी म्हणेल. तेंहि घाईचें होईल. २६ मार्च २०२४ रोजीं अमेरिकेंतील बाल्टिमोर बंदरांतून निघालेल्या 'डाली' नांवाच्या प्रचंड मालवाहू जहाजाची वीज ऐन वेळीं गेली. तें फ्रान्सिस स्कॉट की पुलाच्या खांबावर आदळलें, पूल कोसळला, आणि रात्रीं पुलावर काम करीत असलेले सहा मजूर प्राणांस मुकले. तेथील चौकशी मंडळानें नोव्हेंबर २०२५ मध्यें वीज जाण्याचें मूळ सांगितलें तें एक सैल तार हें होतें. तो जोड स्क्रूचा नव्हता, स्प्रिंगच्या चिमट्याचा होता; तारेवर नांवाची जी पट्टी चढविली होती तिच्यामुळें तार चिमट्यांत पूर्ण शिरलीच नव्हती. वरून पाहणाऱ्याला ती बसलेली दिसत असावी. आमचा वायरमन प्रत्येक जोड केल्यावर तार धरून एक हिसका देतो. पूर्वीं मला तो आडदांडपणा वाटे.

घरांतलें सर्वांत थरथरणारें यंत्र म्हणजे कपडे धुण्याचें. त्याच्या खालोखाल इमारतीचा पाण्याचा पंप आणि स्वयंपाकघरांतला मिक्सर. यांच्या तीन पिनांच्या प्लगमध्यें तीन स्क्रू असतात, आणि हात लावून पाहिल्यावर प्लग गरम लागला तर त्यांतला एखादा सैल आहे असें बहुधा समजावें. परंतु हें दोन स्क्रूंविषयीं झालें. तिसरा, मोठ्या पिनेचा, अर्थिंगचा स्क्रू सैल झाला तर प्लग गरम होत नाहीं, ठिणगी उडत नाहीं, यंत्र बंद पडत नाहीं, दिवा मिणमिणत नाहीं. त्या तारेंतून नेहमींच्या वेळीं वीज वाहतच नाहीं, त्यामुळें ती तुटली काय आणि असली काय, यंत्राला पत्ता नसतो. आंतील तारेचें आवरण कधीं काळीं झिजून यंत्राच्या अंगांत वीज उतरली, तर ती जमिनींत नेण्यासाठीं एवढी एकच तार असते. घरांत तीस मिलिअँपिअरला पडणारा संरक्षक स्विच असेल तर दुसरा आधार असतो. मळ्यांत बहुधा तोहि नसतो. आणि मळ्यांत अर्थिंगचा बोल्ट कोठें असतो? मोटारीच्या अंगावर, जेथें सर्वांत जास्त कंप तेथें.

मोटार भरून आली तेव्हां मीं सगळे जोड लग चेपून नवे करून घेतले, केबलला पट्टी बसविली, आणि ओव्हरलोडचा कांटा त्याच्या जागीं आणला. मग नातीची नखांना लावण्याची लाल रंगाची बाटली मागून घेतली आणि प्रत्येक स्क्रूच्या व नटाच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत एकेक बारीक रेघ ओढली. नट फिरला तर रेघ तुटेल, एवढाच हेतु. दर अमावास्येला जाऊन रेघा पाहावयाच्या, असा नेम ठेवला. दोन वर्षें सगळ्या रेघा अखंड होत्या, आणि मी थोडा बेफिकीर होऊं लागलों होतों.

गेल्या आषाढांत पाऊस उघडल्यावर मळ्यांत गेलों. मोटार चालू होती. आवाज स्वच्छ, पाण्याची धार मनगटाएवढी. स्टार्टरमधील रेघा जशाच्या तशा होत्या. खालीं वांकून मोटारीच्या अंगावरचा अर्थिंगचा बोल्ट पाहिला. रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा ज्वारीच्या दाण्याएवढा बाजूला सरकला होता. खुरपणीच्या तीन बायका चिखलांत अनवाणी उभ्या राहून त्याच धारेवर तोंड धूत होत्या, आणि एकीनें तोल सांवरण्यासाठीं हात पंपाच्या लोखंडी नळावर टेकला होता. मीं त्यांना बाजूला व्हावयास सांगितलें आणि खोपींत जाऊन मेन स्विच पाडला. "गुरुजी, लाइट गेली काय?" एकीनें बाहेरून विचारलें.